गरम भाकरीचा जाच

पीं पीं पीं असं ते नवं यंत्र ओरडलं. आतला दिवा विझला, काचेची थाळी फिरायची थांबली, आणि आमच्या यादवने दार उघडून कालची भाकरी बाहेर काढली. वाफा निघत होत्या तिच्यातून. रविवारची सकाळ होती आणि ओट्यासमोर सगळं घर गोळा झालं होतं: माझा मुलगा यादव, त्याची बायको मैना, माझी नणंद द्रौपदी आणि आमचे हे. ह्यांचं नाव राघो. नाव घ्यायला मी लाजत नाही, पण घेऊन उपयोग नाही, कारण उभा जन्म कापड विणायच्या लूमवर काढल्यामुळे ह्यांना कमी ऐकू येतं आणि कुठल्याही नावाने हाक मारली तरी ते "आँ?" म्हणूनच वळतात. आमचं घर नारपोलीत, लूमच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर. खालच्या खटाखटीने तो नवा मायक्रोवेव्ह ओट्यावर जरा जरा थरथरत होता. तो ठेवला होता तिथे कालपर्यंत माझी भाकऱ्यांची दुरडी असायची. दुरडी आता फळीवर, डालड्याच्या रिकाम्या डब्यामागे गेली होती. "आई, ही घे," यादव म्हणाला, "आजपासून ह्या घरात तू शिळी भाकरी खायची नाहीस. खाल्लीस तेवढी पुरे झाली." बोलता बोलता त्याने थाळी माझ्या हातात दिली. राहनाळच्या गोडाऊनमध्ये तो सुपरवायझर आहे. एका खोक्याला ट्रकात ठोकर लागली, तो नग स्टाफमध्ये कुणालातरी द्यायचा होता, तर हा साहेबाच्या मागे हात धुऊन लागला आणि घेऊन आला, तेही फक्त माझ्यासाठी. वन्संनी डोळ्यांना पदर लावला. "वहिनीनं जन्मभर शिळंच खाल्लं रं बाबा. कुनाला बोलली न्हाय. अशी बाई व्हनं न्हाय." सगळे माझ्याकडे बघत होते. अशा वेळी जो चेहरा करायचा असतो तो मी केला. मान थोडी खाली, ओठ थोडे घट्ट. सवयीने जमतो मला.

आता मनातल्या मनात तरी खरं बोलायला काय हरकत आहे? मला शिळी भाकरी आवडते. चालते असं नाही, गोड मानून घेते असं नाही. जीव आहे माझा तिच्यावर. तांदळाची भाकरी तव्यावरून उतरली की लोक तिच्यावर तुटून पडतात, मऊ आहे म्हणतात, फुगली बघ म्हणतात, आणि मला हसू येतं, कारण गरम भाकरीला चवच नसते मुळी. ती नुसती गरम असते. जीभ भाजली की लोकांना वाटतं चव आली. भाकरीला रात्र काढावी लागते. दुरडीत, उघड्यावर, एकटीने. मग तिचा पापुद्रा सुटतो, काठ कडक होतो, मधला भाग आपलं आपण सावरून बसतो, आणि तांदूळ कुठला होता, पीठ कुणी दळलं, सगळं ती सकाळी सांगायला लागते. आणि सोबतीला कालचं माशाचं कालवण हवं, तेही थंड. रात्री ज्याच्या त्याच्या ताटात उड्या मारणारी चिंच सकाळी कशी समजूतदार होते, लसूण तळाशी जाऊन बसते, रस्सा घट्ट होतो. भाकरीचा काठ मोडायचा. कडाम! तो कालवणात घालायचा आणि थांबायचं. इथे लोक चुकतात, लगेच तोंडात टाकतात. थांबायचं. मऊ होऊ द्यायचं, पण पुरतं नाही. आतून कालवण प्यायलेला आणि वरून अजून ताठ, असा घास तोंडात गेला की मी डोळे मिटते. डोळे मिटून खाल्लेलं असं दुसरं काहीच माझ्या आयुष्यात नाही, आणि मी लग्नाबिग्नातली बिर्याणीसुद्धा धरून सांगतेय.

आणि नुसती चवच नव्हे. ती वेळ. ह्यांची पहिली शिफ्ट, यादवची शाळा, दोघांना ताज्या भाकऱ्या करून वाटेला लावलं की दार लोटायचं आणि मागच्या मोरीच्या उंबऱ्यावर, भिंतीकडे तोंड करून, मांडीवर थाळी घेऊन बसायचं. पुढ्यात कांड्या भरायचा ढीग पडलेला असायचा, घरी बसून मी कारखान्याच्या सूत गुंडाळायच्या कांड्या भरत असे, पण त्याला म्हणायचे, पडून राहा मुकाट्याने. खालून लूमची खटाखट फरशीतून अंगात यायची, मांडीवरची थाळीही थरथरायची. त्या आवाजात कुणी हाक मारली तरी ऐकू येणार नाही ह्याचं मला केवढं सुख वाटायचं! आई नाही, वहिनी नाही, "अगं ऐकलंस का" नाही. त्या अर्ध्या घटकेत मी कुणाचीच कुणी नसे. दिवसभराचं सगळं ह्यांचं, पोराचं, पाहुण्यांचं. ही एक भाकरी तेवढी माझी. रात्री पीठ मळतानाच एक गोळा मी मनात बाजूला काढत असे आणि कुणी "अजून एक वाढ" म्हणालं तर संपल्या म्हणून सांगत असे. हो, सांगत असे. पोटभर जेवलेल्या माणसाला अजून एक कशाला हवी?

मग हे सगळं बिघडलं कसं? ऐंशी-एक्याऐंशीची गोष्ट असेल. वन्सं सकाळी सकाळी न सांगता आल्या, जिना चढून थेट आत, आणि मी मोरीच्या उंबऱ्यावर. "अगो वहिनी! तू शिळं खातेस?" माझ्या तोंडात भलामोठा घास होता, त्यातही काठाचा, चावायला वेळ लागणारा. बोलता येईना. मी नुसतं त्यांच्याकडे बघत राहिले आणि डोळ्यांत पाणी आलं, कारण ठसका दाबून धरला होता. बस्स. वन्संना वाटलं, माझा गळा दाटून आला. त्यांनी मला पोटाशी धरलं. घास गिळेपर्यंत त्या माझ्यापेक्षा जास्त रडत होत्या आणि आता नाही कसं म्हणायचं? एवढी रडलेली बाई, तिला काय सांगू, की वन्सं, चव घेत होते? संध्याकाळपर्यंत ही गोष्ट गल्लीत फिरली. आठवड्यात विहारातल्या महिला मंडळात पोचली. दोघांना ताजं घालून कलावती, म्हणजे मी, स्वतः शिळं खाते. पुढे यादव आठवीत असताना वक्तृत्व स्पर्धेत 'माझी आई' ह्या विषयावर बोलला, शिळ्या भाकरीवर आला आणि परीक्षक बाईंनी चष्मा काढून पुसला. त्याला पहिला नंबर मिळाला. तो कप अजून टीव्हीशेजारी उभा आहे, रोज पुसते मी त्याला. आणि खोटं कशाला बोलू, मलाही ते आवडायला लागलं होतं. कुठे गेले की बायका सरकून जागा द्यायच्या. कुणाची सून उलट बोलली की तिला माझं उदाहरण. बिनकष्टाचं मोठेपण होतं ते, आणि वर आवडीची भाकरीही खायला मिळत होती. कुणाला नको असेल? चौऱ्याऐंशीच्या दंगलीतल्या कर्फ्यूत तर सगळ्या गल्लीने दिवसचे दिवस शिळंच खाल्लं, दळण नव्हतं, रॉकेल नव्हतं, आणि तेव्हा त्याला कुणी त्याग म्हणालं नाही. सगळे नाक मुरडून खात होते. मी एकटी चवीने खात होते आणि चेहरा मात्र सगळ्यांसारखा ठेवून होते. बाहेर काय चाललं होतं ते आठवलं की त्या चवीची अजून लाज वाटते.

आईचीही आठवण मी ह्या गोष्टीला जोडून देत असे. माझं माहेर पडघ्याकडचं. आम्ही चार भावंडं, बापू वीटभट्टीवर. सकाळी सगळे पांगले की आई चुलीच्या कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून, आमच्याकडे पाठ करून बसायची आणि रात्रीची भाकरी खायची. मी लहान, मी खेळता खेळता जवळ जायची. पाठीवरून डोकवायची. मग ती डाव्या हाताने थाळी झटकन पलीकडे सरकवायची आणि मान न वळवता म्हणायची, "जा, खेळ जा. तुला ताजी देईन." मी जात असे. आईच्या मानेवर अंबाड्याखाली घाम असायचा, आणि तिचा जबडा हळूहळू हलताना मागून कानाशी दिसायचा, एवढंच मला तिच्या खाण्यातलं दिसलेलं आहे. मोठी झाल्यावर मी ही आठवण महिला मंडळात सांगितली होती, की आपल्या वाट्याचं शिळं लेकरांच्या तोंडी जाऊ नये म्हणून माय थाळी लपवायची. बायका रडल्या. मीही रडले, आणि ते रडणं खरं होतं. माझी आई खरोखर शिळं खाऊन दिवस काढणारी होती, आणि मी तिचं नाव लावून फिरणारी भामटी, असं तेव्हा मनात येऊन गेलं होतं. घरी येऊन दुसऱ्या दिवशी मी काठ मोडला आणि विसरले.

तर आता हा मायक्रोवेव्ह. आणि त्याच्यामागे मैना. पोरगी कल्याणची, लग्नाला वर्षही झालेलं नाही, स्वभावाने इतकी चांगली की तिच्यावर रागवायचं म्हटलं तर आधी कारण शोधावं लागतं. नवऱ्याने सांगितलंय ना, आईला शिळं द्यायचं नाही, मग नाही म्हणजे नाही. रात्रीची भाकरी उरली की ती ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात, डबा बंद. सकाळी एकेक काढायची, पाण्याचा हात फिरवायची, आत ठेवायची, पीं पीं पीं, आणि "आई, गरम आहे तोवर या." त्या यंत्रातून निघालेली भाकरी कशी असते ते सांगू? पहिल्या घासाला लुसलुशीत, दुसऱ्या घासाला आपण चामडं चावतोय, आणि तिसऱ्याला ती आपल्याला चावते. ह्यांनी नवी कवळी बसवली आहे. एका सकाळी भाकरीचं एक टोक हातात, दुसरं कवळीत, आणि हे बिचारे ओढतायत. शेवटी कवळीच भाकरीबरोबर आली. पण यादव समोर बसलेला, "मऊ आहे ना बाबा?" "आँ?" "मऊ! मऊ आहे ना?" "हां, हां, झकास!" कवळी हातात धरून म्हणाले. सगळेच झकास म्हणत होते. मीही म्हणत होते. पोराने एवढ्या मायेने आणलेलं, त्याच्या तोंडावर कोण म्हणणार, की बाबा रे, हे नको? आणि माझ्या सकाळचं काय झालं? मैना घरीच असते, दुपारी मुलांच्या ट्यूशन घेते. सकाळी माझ्याशिवाय ती जेवत नाही. "आई, तुम्ही इतकी वर्षं एकट्या बसून खाल्लंत, आता मी आहे ना," असं म्हणून ती माझा हात धरते. तिच्या हाताला साबणाचा वास येतो. मला बरं वाटतं आणि जीवही घुसमटतो, दोन्ही एकाच वेळी. एकदा मी म्हणून पाहिलं, "मला थंडच चालते गं." तिचा चेहरा एवढासा झाला. "माझ्या हातची आवडत नाही का?" मग मी तिच्या हातची गरम भाकरी एक जास्त खाल्ली आणि दिवसभर पोट धरून बसले.

महिना असा गेला आणि माझं मलाच काही कळेना. रात्री झोप यायची, पण सकाळी उठायला कारणच उरलं नाही असं वाटायचं. बाई, भाकरीसाठी? पन्नाशी उलटलेली बाई भाकरीसाठी झुरते? हसायची मी स्वतःला. पण हसून झालं की पुन्हा तेच. कालवणाच्या पातेल्यावरचं झाकण उघडून नुसता वास घ्यायची आणि ठेवून द्यायची. आरशात बघितलं तर मी चांगली गुटगुटीत दिसत होते, सगळे म्हणतही होते, "कलावतीबाईला आता कुठे सुख लागलं." ते ऐकलं की मला वाटायचं, सुख लागलंय ती दुसरीच कुणी बाई आहे, तिला हे सगळे हार घालतायत, आणि मी आपली खांबाआड उभी राहून बघतेय. खरं बोलावं? बोलले तर यादवचं काय? त्याचा तो कप, ते भाषण, साहेबाच्या मागे लागून आणलेला हा डबा. पोरगं लहानपणापासून एका गोष्टीवर उभं आहे, की माझ्या आईने माझ्यासाठी शिळं खाल्लं. ती गोष्ट मी काढून घेऊ? आणि माझं काय उरेल? चवीसाठी पोराला "भाकरी संपली" म्हणणारी बाई. दर रविवारी विहारात पंचशील म्हणताना चौथ्या शीलाला, खोटं बोलणार नाही त्याला, माझा आवाज आपोआप खाली जायला लागला होता. शेजारची तुळजा एकदा म्हणालीसुद्धा, "घसा बसला काय गं?"

शेवटी मी चोरी केली. आपल्याच घरात, आपल्याच पिठाची. दुसऱ्या शीलात हे बसतं की नाही ते भन्तेजींनाच ठाऊक. शनिवारी संध्याकाळी बोंबलाचं कालवण केलं होतं, ओल्या बोंबलाचं, हिरव्या वाटणातलं, आणि ते ढवळतानाच माझा निर्धार झाला. भाकऱ्या थापताना एक मोठी थापली आणि मैना ताटं घ्यायला गेली तशी पदराखाली घालून बाहेरच्या खोलीत आणली. ठेवायची कुठे? बंद डब्यात ठेवली तर घाम येतो तिला. फळीवर मैनाचा हात जातो. बुद्धाच्या फोटोमागे जागा होती, पण तिथे माझं धाडस झालं नाही. कोपऱ्यात माझं शिलाई मशीन उभं आहे, त्याला लाकडी घुमटासारखं झाकण आहे. झाकण उचललं, मशीनवर धुतलेलं फडकं पसरलं, भाकरी ठेवली, झाकण टेकवलं, थोडं उचललेलं, वारा लागायला. कालवणाची एक वाटी मोरीतल्या बादलीमागे. इतकं झाल्यावर मला असली शांत झोप लागली की सांगता सोय नाही.

रविवारी सगळे घरात. हे मला आधी सुचायला हवं होतं, पण भुकेला अक्कल कुठे असते? यादवला सुट्टी, वन्संही आलेल्या, हे बाहेर खुर्चीवर पेपर घेऊन. मैनाने ओट्यापाशी रांग लावली होती, एक भाकरी आत, एक बाहेर. "आई, तुमची आता लावते हं!" मी म्हटलं, "लाव, मी मोरीत पाय धुऊन येते." पदराखाली मशीनवरून उचललेली भाकरी होती. ती पोटाला लागत होती, कडक, गार, आणि मला लग्नाआधीसुद्धा कधी धडधडलं नव्हतं तेवढं धडधडत होतं. मोरीच्या उंबऱ्यावर बसले. भिंतीकडे तोंड केलं. बादलीमागून वाटी काढली, थाळीत ओतली. कालवण थरथरलंसुद्धा नाही इतकं घट्ट आलं होतं. खाली लूम जोरात चालू होते, खटाखट, खटाखट, त्या आवाजात बॉम्ब फुटला तरी पत्ता लागणार नाही. मी मजेत काठ हातात घेतला. पहिलाच कोरडा खावा असं मनात आलं. तोंडात धरला, दाढेखाली आणला, डोळे मिटले, आणि त्याच क्षणी लाइट गेली.

खालचे सगळे लूम एकदम थांबले. नारपोलीत लाइट गेल्यावर जी शांतता पडते ती बाहेरच्या माणसाला कळायची नाही. कानाला खड्डा पडल्यासारखं होतं. पण दाढ खाली यायला निघाली होती, ती काही थांबली नाही. कडाम! भिंतीवर आदळून तो आवाज परत आला. मी तशीच बसून राहिले, तोंड न हलवता, जणू आवाज शेजारच्या घरातून आला. "काय फुटलं?" यादवचा आवाज. मग पावलं. मग माझ्या पाठीमागे कुणीतरी श्वास घेतल्याचं ऐकू आलं.

"आई?" तो म्हणाला. मग त्याने थाळी बघितली. मग वळून मैनाकडे बघितलं, आणि त्याचा चेहरा असा झाला की तसा मी पूर्वी बघितला नव्हता. "हे काय आहे, मैना? मी ड्युटीवर गेलो की आईला हे वाढतेस?" मैना मायक्रोवेव्हचं दार धरून उभी होती, आत अर्धवट गरम झालेली माझी भाकरी. "अहो, नाही... मला माहीत नाही." "माहीत नाही? दिवसभर घरात कोण असतं?" वन्सं पदर खोचत आल्या. "मला वाटलंच व्हतं. यंत्र दाखवायला, आनि सासूला मोरीत बसवून शिळं! आरं देवा!" देव आम्ही सोडून चाळीस वर्षं झाली, पण वन्संच्या तोंडून तो अशा वेळी निसटतोच. मैनाच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. ती माझ्याकडे बघत राहिली, आणि तिच्या बघण्यात मला आरोपसुद्धा दिसेना, काळजीच दिसली. मी घास गिळला. ह्या वेळी आधी गिळला आणि मग बोलले.

"तिला काही बोलू नको," मी म्हटलं. "मी लपवून ठेवली होती. मशीनच्या झाकणाखाली. मला आवडते." मी पुन्हा सांगितलं. "शिळी भाकरी मला आवडते रे. पहिल्यापासून. तुमच्यासाठी म्हणून खाल्ली नाही कधी. आवडते म्हणून खाल्ली." सुटले असं वाटलं. अंगावरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. आणि वन्संनी कपाळाला हात लावला. "ऐकलंस यादव? सुनेला पाठीशी घालाया कशी बोलते बघ. अगो वहिनी, किती सोसशील?" यादवचे डोळे भरले होते. "आई, तू अजून पण..." आणि मैना, मैनाच खाली बसली माझ्यासमोर, माझे गुडघे धरून म्हणाली, "आई, माझ्यासाठी खोटं बोलू नका. मला बोलू द्या त्यांना काय बोलायचं ते." आता काय करायचं? इतकी वर्षं मी काही न बोलता लोकांनी खोटं ते खरं मानलं, आणि आज खरं बोलले तर कुणी ऐकेना. शपथ घ्यावी तर कुणाची? यादव पुढे आला, मैनाच्या शेजारी फरशीवर बसला, आणि डोळे पुसत म्हणाला, "ठीक आहे. मग मलाही दे. आजपासून मीही हेच खाणार. दोघं मिळून शिळं खाऊ." आणि त्याने माझ्या थाळीकडे हात नेला, नेमका त्या उरलेल्या काठाकडे, जो मी शेवटच्या घासासाठी राखून ठेवला होता.

माझा डावा हात मी उचलला नाही. तो आपोआप उठला. त्याने थाळी झटकन पलीकडे सरकवली, आणि माझ्या तोंडून निघालं, "हात लावू नको! एवढीच आहे!"

लूम बंद, त्यामुळे तेही सगळ्यांनी नीट ऐकलं. यादवचा हात तसाच हवेत. वन्संचा पदर डोळ्यांपासून अर्ध्यावर. मैना माझ्या गुडघ्यांवरून हळूच मागे सरकून माझ्याकडे बघायला लागली, आधी तोंडाकडे, मग थाळीकडे, मग पुन्हा तोंडाकडे. आणि दारातून ह्यांचं हसू ऐकू आलं. हे कधीचे येऊन उभे होते. कानाने काहीच पोचलं नव्हतं त्यांच्यापर्यंत, शिळं नाही, सोसणं नाही, काही नाही. डोळ्यांना जेवढं दिसलं तेवढंच. खाली कारखान्यात हाक मारावी तशा आवाजात ओरडले, "अरे, तिला आवडतंय ते! कशाला छळताय तिला?" आणि मग मैना हसायला लागली. आधी तोंडावर हात ठेवून, मग हात काढून, मग फरशीवर मांडी घालून, रडत रडत हसली पोरगी. "आई, अहो, मग सांगायचं ना! मी ते चामडं गरम करून करून कंटाळले हो!" वन्सं काही हसल्या नाहीत. त्या खुर्चीवर जाऊन बसल्या आणि इतक्या वर्षांचं रडणं कुठे ठेवायचं ह्याचा विचार करत राहिल्या असाव्यात.

पण माझं लक्ष माझ्या डाव्या हाताकडे होतं. थाळीच्या कडेवर तो अजून पंज्यासारखा बसलेला. हा हात मी ओळखत होते. भिंतीकडे तोंड, मागे पोराचा श्वास, आणि डाव्या हाताने झटकन पलीकडे गेलेली थाळी. जा, खेळ जा. तुला ताजी देईन. मान न वळवता म्हणायची ती. मान का वळवायची नाही? कारण तिच्या तोंडात घास होता, आणि डोळे, आता मला दिसले ते डोळे, मिटलेले होते. आई गं! लबाड! एवढी वर्षं मी तुझ्यासाठी रडले, बायकांना रडवलं, आणि तू चुलीच्या कोपऱ्यात बसून चैन करत होतीस? मला इतका राग आला तिचा आणि इतकं हसू आलं, आणि ती त्या कोपऱ्यात सुखात होती, रोज, निदान तेवढा वेळ तरी सुखात होती, ह्या आनंदाने मला भरूनच आलं. फक्त एवढंच वाटलं, एक तुकडा तरी द्यायचा होतास गं मला.

यादवचा हात अजून पुढेच होता. "आई, एक तुकडा तरी," तो म्हणाला, आणि आता तोही हसत होता. मी त्याच्याकडे पाठ केली, भिंतीकडे तोंड केलं आणि राखून ठेवलेला काठ दाढेखाली धरला. लाइट काही आली नव्हती. तो आवाज म्हणे ह्यांनासुद्धा ऐकू गेला.